थांबलेल्या यंत्राची साक्ष : गॅस टर्बाइन आणि जनित्राच्या नियंत्रणप्रणालीतील दोषशोध

प्रस्तावना

वीजकेंद्रातले गॅस टर्बाइन अचानक थांबते, तेव्हा ते बहुतेक वेळा मोडलेले नसते; त्याला थांबवलेले असते. कुठल्या तरी संवेदकाने काही तरी टिपले, नियंत्रणप्रणालीने ते मर्यादेबाहेरचे ठरवले, इंधनाची झडप क्षणात मिटली, ज्वाला विझली आणि जनित्राचा ब्रेकर उघडला. बाहेरच्या माणसाला जो बिघाड वाटतो, तो आतल्या माणसाच्या लेखी संरक्षणयंत्रणेने केलेला आपला नेमून दिलेला उद्योग असतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. पडद्यावर अलार्मची रांग लागलेली असते, कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राचा फोन वाजत असतो आणि शिफ्ट इंचार्जला एकच उत्तर हवे असते : युनिट लाइनवर कधी येणार? सी अँड आय विभागातल्या तंत्रज्ञाला मात्र त्याच वेळी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते : युनिट थांबले का? या ओढाताणीत दुसरा प्रश्न सहसा हरतो. कुणी तरी मास्टर रीसेट दाबते, अलार्म नाहीसे होतात, मशीन पुन्हा फिरू लागते आणि कारण आतच मुक्काम ठोकून राहते. हे पुस्तक त्या दुसऱ्या प्रश्नाची बाजू घेण्यासाठी लिहिले आहे.

मुळात एक गोष्ट मनात पक्की असावी लागते. नियंत्रणप्रणालीला टर्बाइन दिसत नाही. तिला दिसतात मिलिव्होल्ट, मिलिअँपिअर, स्पंद आणि मिटलेले किंवा उघडलेले संपर्क. उदाहरण वेगाचेच घेऊ. शाफ्टवरच्या साठ दातांच्या चाकासमोर चुंबकीय पिकअप बसवलेले असतात. चाक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर पिकअपमधून सेकंदाला ३००० स्पंद येतात. साठ दात आणि साठ सेकंद एकमेकांना छेदतात, म्हणून स्पंदांचा आकडा हाच फेऱ्यांचा आकडा ठरतो. सोय झकास आहे. पण दात आणि पिकअप यांच्यातली मिलिमीटरभराची फट वाढली, पिकअपच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला किंवा केबलचे आवरण चुकीच्या जागी अर्थ झाले, की शाफ्ट तसाच फिरत असताना प्रणालीच्या हिशेबी वेग भरकटतो. आता दोष यंत्रात असू शकतो, संवेदकात असू शकतो, तारेत, कार्डात, प्रोग्रॅममध्ये किंवा थेट बाहेरच्या ग्रिडमध्येही असू शकतो. पडद्यावरचा अलार्म या सहाही ठिकाणांसाठी अगदी एकसारखा दिसतो.

म्हणून दोषशोधाचे काम मला न्यायालयातल्या उलटतपासणीच्या जवळचे वाटते. संवेदक हा साक्षीदार आहे. तो मुद्दाम खोटे बोलत नाही, पण तो उभा आहे तिथून त्याला जेवढे दिसते तेवढेच सांगतो. एकट्याच्या साक्षीवर निकाल देऊ नये, साक्षींचा मेळ बसतो का ते पाहावे आणि साक्ष नोंदवून होईपर्यंत घटनास्थळाला हात लावू नये. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा गाभा एवढाच आहे.

गोष्ट नेहमीच इतकी आडवळणाची नव्हती. १९३९ साली स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल इथे ब्राउन बोव्हेरी कंपनीने सार्वजनिक वीजपुरवठ्यासाठीचे पहिले गॅस टर्बाइन उभे केले. क्षमता ४ मेगावॉट, कार्यक्षमता जेमतेम १७ टक्क्यांवर. त्या पिढीच्या यंत्रांवर यांत्रिक गव्हर्नर आणि तेलदाबाच्या यंत्रणा राज्य करत. दोष असला तर तो डोळ्यांना दिसे, हाताला लागे : झिजलेली पिन, अडकलेला पिस्टन, गळणारी नळी. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉनिक नियंत्रणे आली. जनरल इलेक्ट्रिकच्या स्पीडट्रॉनिक मालिकेत १९८० च्या दशकातल्या मार्क फोरपासून तीन समांतर संगणक एकाच यंत्रावर नजर ठेवू लागले. यंत्रे अधिक सुरक्षित झाली, त्याचबरोबर दोष हाताच्या टप्प्यातून निघून सिग्नलमध्ये जाऊन बसले.

महाराष्ट्राचा या यंत्रांशी संबंध चार दशकांहून जुना आहे. मुंबई हायच्या वायूमुळे उरणजवळ बोकडवीरा इथे वायू विद्युत केंद्र उभे राहिले; तिथली पहिली टर्बाइन १९८२ ची. पुढे टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूवर वाफ तयार करून चालणारे संच जोडले गेले आणि केंद्राची क्षमता ६७२ मेगावॉट अशी गणली जाऊ लागली. तुर्भ्याला टाटांच्या केंद्रात संयुक्त चक्राचा संच आला, दाभोळला वासिष्ठीच्या मुखाशी मोठ्या एफ श्रेणीची टर्बाइन आली. आखातातल्या वीजकेंद्रांत नोकरीला गेलेले मराठी तंत्रज्ञ तर रोज याच यंत्रांशी बोलतात. तरीही या कामाचे ज्ञान मराठीत एका शिफ्टकडून दुसऱ्या शिफ्टकडे तोंडी जाते आणि माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते. ते कागदावर यावे, हा या लेखनामागचा साधा हेतू आहे. कारखान्यात रुळलेले शब्द इथे तसेच वापरले आहेत.

सुरुवात इंधनापासून करू, कारण टर्बाइनचे सगळे नियंत्रण शेवटी इंधन किती सोडायचे या एका आकड्यावर येऊन ठेपते. या आकड्यासाठी एकाच वेळी अनेक मागण्या मांडल्या जातात. सुरुवातीच्या टप्प्याची एक, वेग किती झपाट्याने वाढू द्यायचा याची एक, वेग आणि भाराची एक, तापमानाची एक, बंद करण्याची एक. यातली सर्वांत लहान मागणी मान्य होते, बाकीच्या वाट पाहत राहतात. एवढे कळले की 'लोड चढत नाही' या रोजच्या तक्रारीचे रूप बदलते. झडप, कार्ड किंवा प्रोग्रॅम यांवर संशय घेण्याआधी विचारायचे : आत्ता कोणाची मागणी लागू आहे? ती तापमानाची असेल, तर बहुधा दोष शोधायचाच नाही. मे महिन्याची दुपार आहे, हवा विरळ आहे, हवेचे फिल्टर तुंबले आहेत किंवा कॉम्प्रेसरची पाती मळली आहेत; यंत्र त्या हवेत जेवढे देऊ शकते तेवढे देत आहे. कॉम्प्रेसर धुतल्यावर जे मिळणार आहे, ते प्रोग्रॅममधला आकडा बदलून मागितले, तर टर्बाइनच्या पात्यांचे आयुष्य त्याची किंमत चुकवते.

वेगाच्या मागणीतही असाच एक चकवा आहे. ग्रिडला जोडलेल्या यंत्राचा वेग ग्रिड ठरवते. यंत्राच्या हाती उरतो तो भार. चार टक्के ड्रूप असलेल्या यंत्रात वेगाचा संदर्भ १०० वरून १०४ टक्क्यांवर नेला, की भार शून्यापासून पूर्ण होतो. म्हणजे ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झवरून ४९.५ वर उतरली, तर एक टक्क्याच्या या फरकामागे यंत्र पूर्ण भाराच्या एक चतुर्थांश इतका भार आपणहून उचलायला धावते. ऑपरेटरला दिसते ते एवढेच की कुणी हात न लावता मेगावॉट हलत आहेत. मग सर्व्हो झडपेवर संशय येतो, ती बदललीही जाते. वारंवारतेचा आलेख त्याच कागदावर काढून पाहिला असता, तर दोन रेषांनी एकमेकांचा आरसा धरलेला दिसला असता. उलटही घडते : यंत्र तापमानाच्या मर्यादेवर चालत असेल, तर वारंवारता उतरल्यावर ते भार वाढवू शकत नाही, वेग कमी झाल्याने कॉम्प्रेसर कमी हवा ओढतो आणि मेगावॉट उलट घटतात. एकाच यंत्राची, एकाच कारणाने झालेली ही दोन विरुद्ध वागणी आहेत आणि दोन्ही बिनदोष आहेत.

तापमानाचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब आहे, आणि त्याला कारण आहे. टर्बाइनमधले जे तापमान सर्वांत महत्त्वाचे, ते मोजलेच जात नाही. नाइन-ई श्रेणीच्या यंत्रात ज्वलनातून निघून पहिल्या पात्यांवर आदळणारा वायू ११०० अंश सेल्सिअसच्या पुढे असतो. तिथे कायमचा टिकेल असा संवेदक बसवणे व्यवहार्य नाही. म्हणून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान, जे साडेपाचशे अंशांच्या आसपास असते, आणि कॉम्प्रेसरचा दाब यांवरून आतल्या तापमानाचे अनुमान काढतात. दाबाचा ट्रान्समीटर थोडा सरकला, तरी अनुमान सरकते आणि पडद्यावर सारे हिरवे दिसत असताना पाती जास्त तापू लागतात. जो आकडा अनुमानाने आला आहे, त्याच्या मुळाशी असलेले प्रत्येक मोजमाप वेळच्या वेळी तपासले गेले पाहिजे.

याच यंत्रात ज्वलनाचे १४ कॅन असतात आणि बाहेरच्या वाटेवर गोलाकार बसवलेले २४ थर्मोकपल. एखाद्या कॅनमधले ज्वलन कमकुवत झाले, नोझल तुंबला किंवा लायनरला भेग गेली, तर त्या कॅनमधून आलेला थंड पट्टा चोवीसांपैकी काहींना जाणवतो. सर्वांत गरम आणि सर्वांत थंड यांतला फरक मर्यादेबाहेर गेला, की प्रणाली यंत्र थांबवते. आता एक थर्मोकपल कमी तापमान दाखवत आहे. तो खरे सांगतो आहे का? पहिली चाचणी शेजाऱ्यांची. थंड पट्टा एका बिंदूइतका अरुंद नसतो. दोन्ही बाजूंच्या थर्मोकपलांनाही त्याची थोडी झळ लागलेली असते. एकटाच खाली गेला आणि शेजारी निवांत असतील, तर संशय थर्मोकपलवर. दुसरी चाचणी भाराची. टर्बाइनमधून जाताना वायू शाफ्टभोवती वळसा घेत जातो आणि हा वळसा भारानुसार कमी-जास्त होतो. भार बदलल्यावर थंड जागा गोलावर पुढे-मागे सरकली, तर दोष ज्वलनात आहे. कुठल्याही भाराला ती त्याच क्रमांकावर ठाण मांडून बसली, तर दोष मोजण्यात आहे. तिसरी चाचणी यंत्र थंड असताना करायची : संशयित थर्मोकपल आणि एक चांगला, यांची जागा बदलायची. कमी आकडा थर्मोकपलबरोबर गेला की जागेवरच राहिला, यावरून वाद मिटतो. या तीन चाचण्यांना लागतात कागद, पेन्सिल आणि थोडा धीर. त्या न करता केसिंग उघडणे म्हणजे काही दिवसांची वीज आणि बराच पैसा अंदाजावर उधळणे.

आता त्रिगुणित प्रणालीचा विचार. तीन संगणक, तीन संवेदक, तिघांत दोघांचे मत ग्राह्य. यामुळे एका घटकाच्या दोषाने यंत्र थांबत नाही, आणि नेमका हाच तिचा धोका आहे. इंधनाच्या झडपेला हलवणाऱ्या सर्व्होमध्ये तीन वेटोळी असतात, प्रत्येक संगणकाची एक. एक वेटोळे तुटले, तर उरलेली दोन त्याचाही प्रवाह उचलतात. एकाची जोडणी उलटी झाली, तर ते इतर दोघांच्या विरुद्ध ओढत राहते, तरीही झडप कामापुरती हलते. यंत्र महिनोन् महिने चालते, कुणाला काही जाणवत नाही आणि मग एके दिवशी दुसऱ्या वेटोळ्याचा किरकोळ दोष यंत्राला खाली आणतो. तपास करणाऱ्याला वाटते की एक साधी तार ढिली होती. ती शेवटची होती. पहिली केव्हाच गेली होती. त्रिगुणित यंत्रावर दोषशोध ट्रिपनंतर सुरू करून चालत नाही. तीन वाहिन्यांचे आकडे चालू यंत्रावर शेजारीशेजारी ठेवून पाहण्याची सवय लागते आणि 'डायग्नॉस्टिक अलार्म' नावाच्या, सगळ्यांनी दुर्लक्षित केलेल्या यादीला रोज पाच मिनिटे द्यावी लागतात.

सर्व्होचा दुसरा शत्रू विजेचा नाही, तेलाचा आहे. सर्व्होच्या आतला स्पूल काही मायक्रॉनच्या फटीत सरकतो. तेल जुने झाले की त्यातून वार्निशसारखा चिकट थर सुटतो आणि जिथे तेल थंड व संथ असते, तिथे बसतो. सतत चालणाऱ्या यंत्रात ही झडप जिवंत राहते. दिवसेंदिवस उभ्या असलेल्या यंत्रात ती चिकटते. भारतातल्या वायू केंद्रांची आजची अवस्था लक्षात घेतली, तर हा मुद्दा किती मोठा आहे हे कळेल. २०२४ च्या सुमारास देशात वायूवर चालणारी क्षमता २५,००० मेगावॉटच्या जवळ होती, पण वायूच्या टंचाईमुळे आणि किमतीमुळे तिच्यातला मोठा भाग वर्षभर उभाच असे. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात केंद्र सरकारने वीज कायद्याच्या कलम ११ खाली वायू केंद्रांना मे आणि जूनमध्ये चालण्याचे निर्देश दिले. महिनोन् महिने झोपलेल्या यंत्राला एका संध्याकाळी उठवायचे असते, सूर्य मावळल्यावर सौरवीज जाते म्हणून. अशा वेळी यंत्र सुरुवातीलाच ट्रिप होते, पडद्यावर 'सर्व्हो ट्रबल' येते आणि कार्ड बदलायची घाई होते. कार्डाने मागितलेला प्रवाह आणि झडपेची प्रत्यक्ष स्थिती यांचे आलेख एकावर एक ठेवावेत. प्रवाह वाढत गेला, झडप हलली नाही आणि मग एकदम उडी मारून हलली, तर तो आवाज तेलाचा आहे.

आज्ञा आणि स्थिती यांतला हा फरक वीज उद्योग फार महाग किमतीला शिकला आहे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात दाब सोडणारी झडप उघडीच अडकली होती. पॅनेलवरचा दिवा मात्र झडपेची स्थिती दाखवत नव्हता. तो सोलेनॉइडला मिटण्याची आज्ञा गेली आहे एवढेच दाखवत होता. ऑपरेटरांनी आज्ञेला स्थिती मानले. यंत्र कोणतेही असो, पडद्यावरच्या प्रत्येक चिन्हाबद्दल विचारावे : हे सांगितलेले आहे की झालेले?

जनित्राच्या बाजूला आलो की चुकीच्या साक्षीचे परिणाम आणखी वेगाने घडतात. जनित्राचा व्होल्टेज रेग्युलेटर पोटेन्शियल ट्रान्सफॉर्मरवरून व्होल्टेज वाचतो. त्या वाटेवरचा एक फ्यूज गेला, तर रेग्युलेटरला वाटते की व्होल्टेज कोसळले, आणि तो सावरण्यासाठी उत्तेजन वाढवत नेतो. प्रत्यक्षात व्होल्टेज ठीक होते. आता ते खरोखरच बिघडू लागते. म्हणून दोन स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर संच आणि त्यांची तुलना करणारा रिले ठेवतात. उत्तेजन गेल्याचा रिले पडला, तर तपास रोटरपासून सुरू करायचा की मोजमापाच्या फ्यूजपासून, हे मेगाव्हार आणि स्टेटरच्या प्रवाहाच्या नोंदी सांगतात. उत्तेजन खरेच गेले असेल, तर यंत्राने ग्रिडकडून मेगाव्हार ओढलेले दिसतील आणि स्टेटरचा प्रवाह वाढलेला दिसेल. निसर्गाचे नियम रिलेच्या मताला बांधलेले नसतात. दोघांचा मेळ बसत नसेल, तर नियमांच्या बाजूने उभे राहावे.

हाच निकष कंपनांनाही लागू पडतो. शेकडो क्विंटलचा रोटर एका क्षणी शांत, पुढच्या क्षणी भयंकर थरथरणारा आणि लगेच पुन्हा शांत, असा वागू शकत नाही. आलेखात टाचणीसारखा एकच उभा काटा दिसला आणि शेजारच्या बेअरिंगवर त्याची सावलीही नसली, तर आधी कनेक्टर हलवून पाहावा, बेअरिंग उघडू नये.

टर्बाइन आधी पडले की जनित्र, हा वाद प्रत्येक केंद्रात होतो आणि बहुधा मेकॅनिकल व इलेक्ट्रिकल विभागांच्या मानापमानावर जाऊन थांबतो. खरे तर त्याचे उत्तर घड्याळात असते. टर्बाइन आधी पडले, तर इंधन बंद झाल्यावर जनित्र मोटर बनते, कॉम्प्रेसर ओढायला ग्रिडमधून वीज घेते आणि रिव्हर्स पॉवर रिलेमुळे ब्रेकर उघडतो. जनित्राचा लॉकआउट रिले आधी पडला, तर ब्रेकर उघडून मागोमाग टर्बाइन थांबते. दोन्हींत अलार्म तेच, क्रम वेगळा. पण रिलेचे घड्याळ, टर्बाइनच्या प्रणालीचे घड्याळ आणि केंद्राच्या मुख्य प्रणालीचे घड्याळ यांत काही सेकंदांचा फरक असेल, तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. शिवाय सगळ्या नोंदी सारख्या बारकाईच्या नसतात : घटनाक्रमाची नोंद मिलिसेकंदांत होते, तर नियंत्रणाचा प्रोग्रॅम जुन्या प्रणालींत सेकंदाला १६ वेळा चालतो. एका नोंदीतल्या ६० मिलिसेकंदांच्या पोटात दुसऱ्या नोंदीतल्या डझनभर घटना मावतात. उपग्रहाच्या वेळेशी सगळी घड्याळे जुळवून ठेवणे हे नीरस काम आहे. ते झाले नसेल, तर पुढचा सगळा तपास वाळूवर उभा राहतो.

या सगळ्याच्या तळाशी असते बॅटरी. नियंत्रणाचा डीसी पुरवठा सहसा जमिनीपासून अलग ठेवलेला असतो. १२५ व्होल्टच्या संचात निरोगी अवस्थेत प्रत्येक टोक जमिनीशी साधारण साडेबासष्ट व्होल्ट दाखवते. कुठल्या तरी जंक्शन बॉक्समध्ये ओल शिरली आणि एक तार जमिनीला लागली, की एक बाजू शून्याकडे आणि दुसरी सव्वाशेकडे सरकते. यंत्राला काहीच होत नाही; फक्त एक अलार्म येतो. दुसऱ्या ठिकाणी दुसरी तार लागली की मात्र प्रवाहाला आडवाट मिळते, एखादा रिले विनाकारण उचलतो किंवा फ्यूज जातो. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हा अलार्म पाहुण्यासारखा येऊन राहतो, आणि म्हणूनच लोक त्याची दखल घेणे सोडतात. शोधण्याची रूढ पद्धत एकेक फीडर उघडून पाहण्याची. पण चालू यंत्रावर उघडलेला फीडर ट्रिप सोलेनॉइडचा निघाला, तर वीज गेली की यंत्र थांबावे अशीच त्याची रचना असते. त्यामुळे आधी ड्रॉइंग, मग फीडर. ग्लँड, गॅस्केट आणि बॉक्सचा तळ यांची मे महिन्यातली पाहणी जुलैतल्या अशा कित्येक रात्री वाचवते.

डीसी जाणे म्हणजे नक्की काय, याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात घडले. २५ मे २०२१ रोजी क्वीन्सलँडमधल्या कॅलाइड केंद्राच्या सी-फोर संचात नवा बॅटरी चार्जर सेवेत आणला जात असताना डीसी पुरवठा कोसळला आणि पाठोपाठ एसीही गेला. हा कोळशावरचा, वाफेचा संच होता. पण धडा जनित्र असलेल्या प्रत्येक केंद्राचा आहे. नियंत्रण आंधळे झाले, संरक्षण मुके झाले, बेअरिंगचे तेल थांबले आणि ब्रेकर उघडायलाही वीज उरली नाही. संच ग्रिडला जोडलेलाच राहिला आणि अर्ध्या तासाहून अधिक काळ ग्रिडच्या विजेवर मोटरसारखा फिरत राहून अखेर फुटला. त्यातून पुढे वाहिन्या आणि इतर केंद्रे बंद पडली व साडेचार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. संरक्षणाच्या प्रत्येक योजनेत एक गृहीतक दडलेले असते : बॅटरी आहे. ते गृहीतक तपासणे कोणाच्या कामाच्या यादीत आहे, हे प्रत्येकाने आपापल्या केंद्रात विचारून पाहावे.

दोषशोधाचे निम्मे अपयश तांत्रिक नसते. संवेदक खराब असेल, तर त्याचा सिग्नल तात्पुरता फोर्स करता येतो. कधीकधी ते गरजेचेही असते. पण शिफ्ट बदलते, नोंद होत नाही, आणि फोर्स केलेला सिग्नल प्रणालीत तसाच राहून जातो. नंतर येणाऱ्याच्या दृष्टीने तो साक्षीदार उत्तम प्रकृतीत आहे. त्याचा आकडा कधी हलतच नाही एवढेच. फोर्स कोणी केला, का केला, कोणाच्या परवानगीने आणि कधी काढायचा, या चार गोष्टी लिहिल्याशिवाय तो करू नये. आणि संरक्षणाचा सिग्नल असेल, तर 'लोड हवा आहे' हे कारण पुरेसे मानू नये. ज्वाला दिसत नाही असे सांगणारा स्कॅनर फोर्स करून इंधन सोडणे म्हणजे न जळालेला वायू बाहेरच्या नळकांड्यात साठू देणे होय.

कार्ड बदलण्याच्या सवयीबद्दलही बोलायला हवे. कार्ड बदलले, यंत्र चालू झाले, म्हणून कार्डच खराब होते असे लिहून फाइल बंद होते. पण कार्ड बदलताना कनेक्टर काढून पुन्हा बसवला गेला, पुरवठा बंद करून सुरू झाला, गंजलेली पिन घासली गेली. यांपैकी कशाने काम झाले? जुने कार्ड शक्य असेल तेव्हा सुरक्षितपणे पुन्हा बसवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. निदान पक्के झाले असे म्हणायला माझ्या मते दोन अटी आहेत : सापडलेल्या कारणाने सगळ्या लक्षणांचा उलगडा झाला पाहिजे, सोयीच्या दोन-तीन लक्षणांचा नव्हे, आणि ते कारण हेतुपूर्वक घडवता किंवा हलवता आले पाहिजे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात सिग्नल आणि त्यांच्या वाटा, दुसऱ्यात इंधन, ज्वाला आणि तापमान, तिसऱ्यात उत्तेजन, सिंक्रोनायझिंग आणि रिले, चौथ्यात डीसी पुरवठा, घड्याळे आणि नोंदी. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी लक्षणाकडून कारणाकडे नेणारे तक्ते आहेत. ते पाठ करण्यासाठी नाहीत. तक्त्यात नसलेले कारण शोधता यावे, म्हणून प्रत्येक ओळीमागचे भौतिक कारण प्रकरणात सांगितले आहे. उत्पादकाच्या पुस्तिकेची, केंद्रातल्या ड्रॉइंगची किंवा कामाच्या परमिटची जागा हे पुस्तक घेत नाही. मर्यादेचे आकडे प्रत्येक यंत्राचे वेगळे असतात. ते इथून उचलून तिथे बसवू नयेत.

हे वाचणाऱ्या तरुण तंत्रज्ञाला रात्रीच्या शिफ्टमध्ये लवकर उत्तर दे असे सांगणारे पुष्कळ लोक भेटतील. त्यांची घाई खोटी नसते; थांबलेल्या मेगावॉटची किंमत खरी आहे. पण घटनाक्रमाची नोंद, आलेख आणि रिलेचे फ्लॅग यांची प्रत रीसेटच्या आधी काढून ठेवायला लागणारा वेळ फार थोडा असतो, आणि तो मागून घेण्याचा अधिकार त्याचा आहे. वरिष्ठांनी तो नियम म्हणून लिहून दिला, तर मध्यरात्री कुणाला धाडस गोळा करावे लागणार नाही. आणि तपास संपल्यावर लॉगबुकात 'दोष दुरुस्त केला' एवढ्यावर थांबू नये. काय दिसले, काय काय शक्य होते, कशामुळे काय बाद झाले आणि शेवटी कशाने सिद्ध झाले, एवढे लिहावे. पुढच्या ट्रिपच्या वेळी तिथे दुसरा कोणी तरी उभा असेल. त्याला या पुस्तकाहून ते पान जास्त उपयोगी पडेल, कारण ते त्याच्याच यंत्राचे असेल.